मुक्या जिवांचे मन

पशुपक्ष्यांना मन असते काय, आणि असल्यास ते माणसाच्या मनाहून मुळातच निराळे असते काय, हा प्रश्न फार जुना आहे. केवळ ऐकीव गोष्टींवर किंवा मायेवर विसंबून न राहता निरीक्षणाने व प्रयोगाने त्याचे उत्तर कसे शोधण्यात आले, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

सुगी आटोपली, घरोघरी कणग्या भरल्या, म्हणजे मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून नंदीबैलवाले फिरू लागतात. पूर्वीइतके ते आता दिसत नाहीत. तथापि ज्याने लहानपणी नंदीबैल पाहिला आहे, तो त्याला सहसा विसरत नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या जवळ, इस्लापूर नावाचे गाव आहे. अशा एखाद्या गावाच्या गल्लीत गुबूगुबू असा आवाज घुमला, की मुले हातातला खेळ टाकून धावत सुटतात. पाठीवर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, अशा थाटात तो धिप्पाड बैल दारापुढे येऊन उभा राहतो. मालक त्याला विचारतो, "यंदा पाऊसपाणी बरे होईल का?" बैल मान वरखाली हलवतो. "या घराला काही पीडा आहे का?" बैल मान आडवी हलवतो. जमलेल्या माणसांत आनंदाची लहर उठते आणि सुपातले धान्य मालकाच्या झोळीत पडते.

घरातील वृद्ध आजी बैलाला हात जोडते आणि म्हणते, "मुके जनावर असले, तरी त्याला सगळे कळते हो!" शाळेत शिकणारा तिचा नातू हसून म्हणतो, "आजी, त्याला काहीच कळत नाही. मालक खूण करतो, म्हणून तो मान हलवतो, एवढेच!" बैल दोघांचेही बोलणे मागे टाकून पुढच्या दाराकडे चालू लागतो. वाद मात्र तेथेच राहतो.

हा वाद वाटतो तितका साधा नाही. बैलाला मनच नसेल, तर त्याच्या पाठीवर ओढलेला आसूड आणि गाडीच्या चाकावर मारलेला हातोडा यांत काहीच भेद उरत नाही. उलट, त्याला मन असेल, दुःख, भीती, ओढ आणि आठवण त्याच्याही ठिकाणी असतील, तर त्याच्याशी आपण कसे वागतो, याचा जाब आपल्यालाच आपल्या मनाला द्यावा लागेल. म्हणून आजी आणि नातू यांच्यापैकी कोणाचे म्हणणे खरे, हे शोधणे केवळ कुतूहलाचे काम नाही.

या प्रश्नाचा विचार अनेक काळांत अनेकांनी केला आहे. मराठवाड्याच्या भूमीतच, गोदाकाठच्या पैठण येथे, ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, अशी आख्यायिका आहे. त्याच पैठणचे संत एकनाथ यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले, अशी कथा सांगतात. सर्व भूतांच्या ठायी एकच चैतन्य नांदते, हा या कथांचा आशय होय. युरोपात मात्र सतराव्या शतकात देकार्त नावाच्या तत्त्वज्ञाने याच्या अगदी उलट मत मांडले. पशूंची शरीरे म्हणजे घड्याळासारखी यंत्रे होत आणि विचार करणारा आत्मा केवळ माणसालाच आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १८७१ साली चार्ल्स डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात निराळाच विचार पुढे ठेवला. माणसाचे मन आणि वरच्या श्रेणीतील प्राण्यांचे मन यांतील अंतर कितीही मोठे असले, तरी ते कमीअधिकपणाचे आहे, जातीचे नव्हे, असे त्याने म्हटले.

एक संतांची दृष्टी, एक तत्त्वज्ञाचा तर्क आणि एक निसर्गशास्त्रज्ञाचा सिद्धांत! यांतील कोणते मत कोठवर टिकते, हे पाहावयाचे तर प्राण्यांकडेच जाऊन विचारले पाहिजे. परंतु मुक्या प्राण्याला प्रश्न विचारणे सोपे नसते. विचारणाराच पुष्कळदा फसतो. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या नंदीबैलाशी फार जुळणारे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला मोठ्या चिकाटीने गणित शिकविले. "तीन आणि चार किती?" असे विचारले, की हान्स पुढचा खूर सात वेळा जमिनीवर आपटून थांबे. त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. १९०४ साली विद्वानांच्या एका मंडळाने त्याची परीक्षा घेतली. मालक लबाडी करीत नाही, अशी त्या मंडळाची खात्री पटली. मालक समोर नसतानाही घोडा बरोबर उत्तर देई. मग घोड्याला खरोखरच गणित येत होते काय?

ओस्कार फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने हे कोडे सोडविले. त्याने एक साधी युक्ती केली. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नाही, असे प्रश्न त्याने घोड्याला विचारविले. हान्सची उत्तरे तत्काळ चुकू लागली. विचारणारा घोड्याच्या दृष्टीआड उभा राहिला, तरी तोच प्रकार. तेव्हा उलगडा झाला. घोडा खूर आपटू लागला, की विचारणारा नकळत किंचित पुढे झुकून पाहत असे, आणि योग्य संख्या येताच त्याचे मस्तक अगदी थोडेसे वर होत असे. ती बारीकशी हालचाल ओळखून हान्स थांबत असे. १९०७ साली फुंग्स्टने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या गोष्टीतून दोन बोध मिळतात. पहिला बोध आजीसाठी आहे. प्राण्याच्या वागण्यात आपणास बुद्धी दिसली, म्हणजे ती आपल्यासारखीच बुद्धी आहे, असे समजू नये. दुसरा बोध नातवासाठी आहे, आणि तो पुष्कळदा विसरला जातो. हान्सला गणित येत नव्हते. पण त्याला काहीच कळत नव्हते, असे थोडेच आहे? जी हालचाल करणाऱ्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नव्हती आणि विद्वानांच्या मंडळाला दिसली नाही, ती घोड्याला दिसली. त्याला आकडे कळत नव्हते; माणसे कळत होती. आपल्या नंदीबैलालाही पावसाचे भविष्य कळत नाही. मालकाची खूण मात्र तो अचूक ओळखतो. म्हणजे माया जशी फसविते, तशी घमेंडही फसविते. या दोहोंपासून दूर राहून जे दिसते ते धीराने पाहणे, हाच खरा मार्ग होय.

असा धीर महाराष्ट्रातच एका थोर संशोधकाने दाखविला. १९३० सालची गोष्ट. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली त्या वेळी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहत होते. हाताला नोकरी नव्हती. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे ते दिवस त्यांनी त्या वसाहतीचे निरीक्षण करण्यात घालविले.

झाडाच्या फांदीला लोंबकळणारा सुगरणीचा खोपा कोणी पाहिला नाही? गवताच्या पात्यांचे बारीक धागे काढून, गाठी मारून, ते एकमेकांत गुंतवून हा पक्षी आपले घरटे विणतो. मराठीत त्याचे नावच स्त्रीलिंगी असल्यामुळे विणकाम मादी करते, असा पुष्कळांचा समज असतो. सलीम अली यांनी पाहिले ते असे : विणकाम करतो तो नर. खोपा अर्धाअधिक तयार झाला, की माद्या वसाहतीत येतात. मादी एकेक खोपा आतून बाहेरून पारखते. न आवडल्यास निघून जाते. एखादा पसंत पडला, तर त्याचा ताबा घेते. आणि मगच नर त्याची खोली व लांब नळीसारखे दार पुरे करतो. मादी अंडी घालून ती उबवू लागली, की नर दुसरा खोपा विणावयास घेतो.

हजारो लोकांनी जे रोज पाहिले होते, ते सलीम अली यांनी लक्षपूर्वक पाहिले, आणि एक नवी गोष्ट जगाला कळली. येथे विचार करण्याजोगा मुद्दा असा की, खोपा विणणे ही नुसती यंत्राची हालचाल असती, तर मादीच्या पारखण्याला अर्थ राहिला नसता. सुगरणीच्या कुळातील आफ्रिकेतल्या पक्ष्यांवर कोलियास दांपत्याने प्रयोग केले. ज्या पिल्लांना लहानपणी गवताची पाती हाताळावयास मिळाली नाहीत, त्यांचे मोठेपणीचे विणकाम कच्चे राहिले. म्हणजे विणण्याची ओढ उपजत असते. पण हात बसावयास सराव लागतो. उपजत प्रेरणा आणि शिक्षण यांचे धागे येथे खोप्यातल्या गवताप्रमाणेच एकमेकांत गुंतलेले आहेत.

तरीही उपजत प्रेरणेला मर्यादा असतात. फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झाँ आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात बिळे खोदणाऱ्या एका गांधीलमाशीचे निरीक्षण केले. ही माशी रातकिडा पकडून आणते, बिळाच्या तोंडाशी ठेवते, एकदा आत जाऊन बीळ तपासते आणि मग रातकिड्याला आत ओढते. ती आत गेली असता फाब्र यांनी रातकिडा थोडासा दूर सरकविला. माशी बाहेर आली, तिने तो पुन्हा तोंडाशी आणला आणि पुन्हा बीळ तपासावयास एकटीच आत गेली. फाब्र यांनी पुन्हा रातकिडा सरकविला. असे चाळीस वेळा झाले, आणि चाळीसही वेळा माशीने तेच केले! वाचणाऱ्याला वाटते, हे तर देकार्तचे घड्याळच! परंतु फाब्र प्रामाणिक होते. दुसऱ्या एका ठिकाणच्या माश्यांवर तोच प्रयोग केला असता त्या दोन-तीन खेपांनंतर शहाण्या झाल्या आणि तपासणी न करताच भक्ष्य आत घेऊन गेल्या, हेही त्यांनी नमूद करून ठेवले. निसर्गाकडून एकच एक उत्तर मागणाऱ्याला निसर्ग असा गोंधळात टाकतो.

आता आपल्या ओळखीच्या एका पक्ष्याकडे वळू. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मराठी मुले पहिल्या इयत्तेपासून ऐकतात. घड्यात तळाशी पाणी. कावळा खडे टाकतो. पाणी वर येते. ही इसापाची गोष्ट केवळ कल्पना असावी, असे आजवर वाटे. २००९ साली इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी या संशोधकांनी ती पडताळून पाहिली. त्यांनी कावळ्याच्या कुळातील रूक नावाच्या पक्ष्यांपुढे काचेची उभी नळी ठेवली. नळीत थोडे पाणी आणि पाण्यावर तरंगणारी अळी. चोच पोहोचत नव्हती. पक्ष्यांनी जवळचे खडे उचलून नळीत टाकले आणि पाणी वर येताच अळी पटकावली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे टाकले असता काम लवकर होते, हेही त्यांनी ओळखले. इसापाचा कावळा खरा ठरला.

पण परीक्षा येथे संपली नाही. दुसऱ्या एका प्रयोगात दोन नळ्या खालून एकमेकींना जोडल्या होत्या आणि तो जोड झाकलेला होता. एका नळीत खडा टाकला, की दुसऱ्या नळीतले पाणी वर येई. कावळ्याच्याच कुळातील जे नावाच्या पक्ष्यांना हे जमले नाही. लहान मुलांना मात्र, पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावर, ते साधले. गंमत अशी की, उघड्या नळीच्या साध्या प्रयोगात पाच ते सात वर्षांची मुले पक्ष्यांच्या फारशी पुढे नव्हती. जे डोळ्यांना दिसते, त्याचा कार्यकारणभाव पक्ष्यांनाही शिकता येतो. जे दिसत नाही, तेथेही काही कारण असू शकेल, असे धरून चालण्याचे धाडस माणसाचे मूल करते. दोन मनांतील अंतराची एक खूण येथे सापडते.

दुसरी खूण शिकलेले पुढे देण्यात आहे. जपानमधील कोशिमा नावाच्या लहानशा बेटावर संशोधक तेथील माकडांना रताळी घालीत असत. १९५३ साली एका अल्पवयीन माकडिणीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाल्ले. काही काळाने तिच्या सवंगड्यांनी आणि तिच्या आईनेही तिचे अनुकरण केले. पुढे ती त्या कळपाची रीतच होऊन बसली. शिकणे आणि पाहून उचलणे ही माणसाची एकट्याची मिरास नव्हे, हे यावरून दिसते. तथापि माकडाने धुतलेले रताळे शंभर वर्षांनंतरही धुतलेले रताळेच राहते. माणसाने मात्र ते भाजले, उकडले, वाळवले, त्याचे वेल लावले आणि हे सर्व करण्याची कृती आपल्या नातवंडांसाठी लिहूनही ठेवली. मागच्या पिढीने जेथे हात टेकले, तेथून पुढची पिढी सुरुवात करते. ज्ञानाची ही चढती रास माणसाच्याच खळ्यात दिसते.

ही रास साठते कशामुळे? मुख्यतः भाषेमुळे. पण प्राण्यांना आपण सरसकट मुके म्हणतो, हेही तितकेसे खरे नाही. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावला. १९७३ साली त्यांना इतर दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. फुलांचा ठाव लागलेली माशी अंधाऱ्या पोळ्यात, उभ्या पृष्ठावर, शरीर थरथरवीत नाचते. तिच्या धावेचा सरळ वरच्या दिशेशी जो कोन होतो, त्यावरून फुले सूर्यापासून किती बाजूला आहेत ते कळते. थरथर किती वेळ चालते, त्यावरून अंतर कळते. इतर माश्या ते समजून घेऊन नेमक्या त्या दिशेने उडतात. केवढे हे कौशल्य! परंतु या नाचात 'का' हा शब्द नाही. फुले कोठे आहेत, हे ती सांगते. फुले का फुलतात, असे ती विचारीत नाही. १९६६ साली अमेरिकेत गार्डनर दांपत्याने वॉशो नावाच्या चिंपांझी मादीला कर्णबधिरांची खुणांची भाषा शिकविण्यास आरंभ केला. ती शंभरांहून अधिक खुणा शिकली. तरीही तीन-चार वर्षांचे मूल ज्या सहजतेने नवी वाक्ये रचते आणि प्रश्नांनी घर डोक्यावर घेते, तेथपर्यंत ती पोहोचू शकली नाही.

बुद्धीचा विचार झाला. आता हृदयाचा करू. १९६४ साली अमेरिकेत माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साखळी ओढली, की माकडाला खाणे मिळे. पण त्याच वेळी शेजारच्या, समोर दिसणाऱ्या दुसऱ्या माकडाला विजेचा धक्का बसे. हे ध्यानात येताच बहुतेक माकडांनी ती साखळी ओढण्याचे टाळले. एका माकडाने तर दुसऱ्याची वेदना पाहिल्यावर बारा दिवस साखळीला हात लावला नाही. ते उपाशी राहिले. त्या माकडाच्या मनात नेमके काय चालले होते, हे सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. दुसऱ्याचे किंकाळणे त्याला नुसते असह्य झाले असेल, असेही म्हणता येईल. तथापि दुसऱ्याचे किंकाळणे असह्य होणे, हेच दयेचे मूळ नव्हे काय? आणि हा प्रयोग वाचताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. माकड ज्या वेदनेपासून मागे सरले, ती वेदना देणारे यंत्र माणसाच्या हातांनी बसविले होते.

मग अखेर उत्तर काय? माणसाचे मन आणि पशूचे मन यांत फरक कमीअधिकपणाचा आहे, की मुळातलाच आहे? या प्रश्नाला इस्लापूरजवळच एक सुंदर दृष्टान्त आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा पूर्वेकडे वाहत येते. इस्लापूरजवळ तिचा एक काठ मराठवाड्यात, तर दुसरा विदर्भात आहे. तेथे, सहस्रकुंड या ठिकाणी, काळ्या खडकांवरून ती अनेक धारांनी खाली कोसळते. पावसाळ्यात त्या धबधब्याचा घोष दुरून ऐकू येतो. कड्याच्या वरती संथ वाहणारे पाणी आणि कड्याखाली फेसाळणारे पाणी यांचे रूप इतके भिन्न, की अनोळखी माणसाला त्या दोन नद्या वाटाव्यात. पण नदी एकच आहे. पाणीही एकच आहे. तरी मध्ये कडा आहे, हेही खोटे नाही.

मनाचेही काहीसे असेच आहे. भूक, भय, वेदना, ओढ, आठवण, शिकण्याची पात्रता हे पाणी वरपासून खालपर्यंत वाहत आले आहे. या बाबतीत डार्विनचे म्हणणे पटते आणि संतांच्या कथांतील कळवळाही खरा ठरतो. परंतु भाषा, न दिसणाऱ्याचा शोध आणि पिढ्यान्‌पिढ्या साठणारे ज्ञान या ठिकाणी प्रवाहाने उडी घेतली आहे. त्या उडीने माणूस निराळा झाला. पण नदीपासून तुटला नाही.

आणि या निराळेपणाचे फळ कोणते? केवळ सत्ता नव्हे; जबाबदारी. बैलाला आपले दुःख सांगता येत नाही. जू घासून खांदा आला, तरी तो तक्रार करू शकत नाही. पायाखालची वाट धरतो. त्याचे दुःख ओळखण्याची, त्यावर विचार करण्याची आणि त्यासाठी नियम बांधण्याची शक्ती माणसालाच आहे. ही शक्ती आपल्या देशाने काही प्रमाणात वापरलीही आहे. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याखालील १९६५ च्या नियमांनुसार कामाच्या जनावराला दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक जुंपता येत नाही. सलग पाच तासांहून अधिक राबविता येत नाही. जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला विश्रांती द्यावी लागते. आणि टोकदार आर लावलेली पराणी टोचण्यास मनाई आहे. १९७६ साली संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक आहे. मराठवाड्याचा वैशाखातील उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला दुपारच्या विश्रांतीच्या नियमाचे मोल निराळे सांगावयास नको.

कायदा होण्यापूर्वीपासून शेतकऱ्याने हीच जाणीव आपल्या सणात जपली आहे. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या सायंकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण बैलाला आदराने देतात. कंधारच्या नावाने ओळखले जाणारे लाल कंधारी बैल असोत, की लातूरकडचे देवणी असोत, त्या दिवशी कोणाच्याही मानेवर जू ठेवीत नाहीत. बैलाला आमंत्रणाचे शब्द कळत नसतील. परंतु खांद्यावरून फिरणारा हात मायेचा आहे की रागाचा, हे त्याला कळते. बर्लिनच्या हान्सला माणसाच्या मस्तकाची बारीकशी हालचाल कळत होती. मग आपल्या दारच्या बैलाला आपल्या धन्याचा हात कळणार नाही काय?

पण ही माया वर्षातून एका दिवसापुरती असून भागत नाही. पोळ्याला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या खांद्यावर पुन्हा जू, असे झाले, तर त्या हळदीला काही अर्थ राहत नाही. इस्लापूरच्या गल्लीतील आजी आणि नातू दोघेही अर्धे बरोबर होते. नातवाने शोधबुद्धी सोडू नये. आजीने जोडलेले हातही सोडू नयेत. पाऊस कधी पडेल, हे बैलाला विचारण्यात अर्थ नाही. त्याचा खांदा दुखतो काय, हे मात्र त्याने न सांगताच आपण ओळखले पाहिजे. कारण दोघांपैकी विचारता येते ते एकालाच.

स्वाध्याय

१. नंदीबैलाविषयी आजीचे आणि नातवाचे मत काय होते? लेखकाने दोघांनाही 'अर्धे बरोबर' का म्हटले आहे?

२. फुंग्स्टने हान्स घोड्याची परीक्षा कशी घेतली? त्या परीक्षेतून मिळणारे दोन बोध तुमच्या शब्दांत लिहा.

३. सुगरणीच्या खोप्याविषयी लोकांचा समज कोणता होता? सलीम अली यांना काय आढळले?

४. गांधीलमाशीच्या दोन प्रयोगांतील फरक सांगा. फाब्र यांना प्रामाणिक का म्हटले आहे?

५. सहस्रकुंडाचा दृष्टान्त पाठातील विचाराला कसा लागू पडतो, ते स्पष्ट करा.

६. 'निराळेपणाचे फळ केवळ सत्ता नव्हे. जबाबदारी' या विधानावर दहा ओळी लिहा.

७. पुढील शब्द वाक्यांत वापरा : आख्यायिका, उपजत, मिरास, कार्यकारणभाव, खांदा येणे, हात बसणे.

८. उपक्रम : घरच्या किंवा परिसरातील एखाद्या प्राण्याचे किंवा पक्ष्याचे आठ दिवस रोज ठरावीक वेळी निरीक्षण करा. जे डोळ्यांनी दिसले ते वहीच्या एका बाजूस आणि त्यावरून जे वाटले ते दुसऱ्या बाजूस लिहा. दोन्ही बाजू वर्गात वाचून दाखवा.